परगावी संध्याकाळी कुठं बसायचं

सहकारी सोसायटीचं शटर साडेपाच-सहाला खाली येतं, शिपाई कुलूप लावतो, सगळे आपापल्या गाड्या काढून घरी जातात आणि मी लॅपटॉपची बॅग घेऊन परक्या गावात उभी असते. इथनं पुढं झोपेपर्यंत काय करायचं हा प्रश्न एकट्या बाईला जेवढा पडतो तेवढा पुरुषाला पडत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पुरुष माणूस स्टँडवर चहा घेत तासभर उभा राहिला तरी कोण बघत नाही. मी पाच मिनिटं उभी राहिले की कोणतरी येऊन विचारतंय, कुठं जायचं मॅडम, न्यायला कोण येणार काय. लॉजचा मॅनेजर आधार कार्ड बघून परत विचारणार, एकट्याच काय, साहेब मागनं येणार काय.

माझं काम म्हणजे सोसायट्यांमध्ये बँकिंगचं सॉफ्टवेअर बसवून द्यायचं आणि स्टाफला शिकवायचं. आमच्या बेळगाव जिल्ह्यात सौहार्द सोसायट्या, पतसंस्था, कृषी पत्तिन संघ असल्या सहकारी पतसंस्थांना काही तोटा नाही, त्यामुळे काम कायम असतं. जुनी लेजरं कॉम्प्युटरवर चढवायची, ओपनिंग बॅलन्स टॅली करायचा, पिग्मी म्हणजे रोजची छोटी बचत गोळा करणाऱ्या एजंटांची मशीनं जोडून द्यायची, कारकुनाला डे-एंड म्हणजे दिवसअखेरचा हिशेब बंद करायला शिकवायचं आणि तो स्वतः करायला लागेपर्यंत तिथंच राहायचं. एकेका गावात आठवडाभर तरी जातो. अथणी, चिकोडी, निपाणी, रायबाग, सौंदत्ती, खानापूर, सगळीकडं फिरले. जून २०२३ पासून कर्नाटकच्या शक्ती योजनेत सरकारी बसला बायकांना झिरो तिकीट झालं, तेव्हापासून तर ऑफिसनं गाडीचा विषयच काढला नाही, बसनंच जा म्हणतात.

आमचं घर बेळगावातच, अनगोळात. सासरे होते तेव्हापासून घरात संध्याकाळी हरिपाठ होतो. सासूबाई टाळ घेतात, मुलगी अभ्यास करता करता म्हणते, हे उद्यमबागेतनं फाउंड्रीची शिफ्ट संपवून आले की हातपाय धुवून मागं येऊन बसतात. लग्न होऊन आले तेव्हा मला पाठ नव्हता, आता झोपेतसुद्धा म्हणेन. टूरवर असले की लॉजच्या खोलीत म्हणायचे, खरं तिथं मन लागत नव्हतं. शेजारच्या खोलीतला टीव्ही, जिन्यावरनं चढणारी-उतरणारी माणसं, दार नीट लागलंय का हे परत परत उठून बघणं. ओठ हलायचे आणि कान दाराकडं. म्हणून मी बसायला जागा शोधायला लागले. हे आधीच सांगते, कारण लोकांना वाटतं मी सर्व धर्मांचा अभ्यास करायला वगैरे निघाले. तसं काही नव्हतं. संध्याकाळी दीड-दोन तास जिथं बाई एकटी बसली तरी कोण काही विचारणार नाही अशी जागा मला हवी होती, आणि आमच्याकडच्या छोट्या गावांत अशी जागा म्हणजे देवाचं दार, दुसरं काही नाही. बाग नसते, असली तरी अंधार पडल्यावर बसण्यासारखी नसते. लायब्ररी असली तर तिथं सगळे पुरुष.

पहिल्यांदा साहजिकच मारुतीचं, विठोबाचं देऊळ शोधायचे. ते बहुतेक ठिकाणी मिळतं. अथणीत मात्र सोसायटीत झाडलोट करणाऱ्या अक्कांनी मला सांगितलं, मठक्क होग्री. माझं कन्नड त्यावेळी हिशेबापुरतं होतं, आकडे, जमा, नावे, सही करा, उद्या या, एवढंच. तरी मठाला जा म्हणतायत एवढं कळलं. अथणीचा गच्चीन मठ म्हणजे लिंगायत संत मुरुघेंद्र शिवयोगींचा, ते १९२१ मध्ये लिंगैक्य झाले, म्हणजे वारले, आणि अजून त्या भागात लोक त्यांचं नाव घेताना हात जोडतात. मी गेले, गद्दुगीला म्हणजे त्यांच्या समाधीला नमस्कार केला आणि एका खांबाला टेकून बसले. कोणी काही बोललं नाही. काही बायका लिंगायत संतांची वचनं म्हणत होत्या, एकीनं मला नुसतंच बघून जरा सरकून जागा दिली. नंतर जेवायला या म्हणाल्या. मी नको नको म्हणत होते तर शेजारचीनं दंडाला धरून उठवलं, ऊटा माडी होग्री, जेवून जा. पंगतीत बसले, भात-सांबार आणि गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर, होती. मला विचारलं ते एवढंच की गाव कुठलं. आडनाव विचारलं नाही, आणि आमच्या भागात आडनाव न विचारणं म्हणजे काय हे इथल्या माणसाला मी सांगायला नको.

त्या अक्कांशी ओळख वाढत गेली. पुढच्या वेळी लॉजवर राहू नकोस, आमच्याकडंच ये असं त्यांनी सांगितलं आणि मी खरंच गेले. सकाळी उठले तर त्या आंघोळ करून इष्टलिंगाची पूजा करत होत्या. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेतलेलं, कपाळावर विभूती, आणि त्या लिंगाकडं एकटक बघत बसलेल्या. घरात मुलं ओरडत होती, कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, त्यांची नजर हलली नाही. नंतर चहा पिताना मी विचारलं की रोज एवढं कसं जमतं, झाडलोटीला सातला तर निघता. त्यांनी मोडक्या मराठीत सांगितलं की देव काय देवळात हाय म्हणून जायला पायजे, हातावरच हाय, मी जाईन तिकडं येतोय. बाराव्या शतकात बसवण्णांनी सांगून ठेवलंय की उभारलेलं आहे ते पडतं, चालतं आहे ते पडत नाही. ही गोष्ट मला शाळेतल्या धड्यापासून माहीत होती. खरं रोज फिरतीवर असलेल्या बाईला ती अथणीच्या त्या स्वयंपाकघरात ऐकायला मिळाली तेव्हा ती माझ्यासाठीच सांगितल्यासारखी वाटली. इतके दिवस मला वाटत होतं की घर सुटलं म्हणजे नेमही सुटला आणि जे काय चाललंय ते कसंबसं चालवून घेतेय. त्या दिवसापासून बसमध्ये खिडकीशी बसून हरिपाठ म्हणायला लागले. आता बस माझी हरिपाठाची पहिली जागा आहे, बाकीच्या जागा नंतर.

सदलग्याचं वेगळंच. दूधगंगेकाठचं गाव, जैन शेतकऱ्यांची मोठी वस्ती, घरात मराठी-कन्नड दोन्ही एकाच वाक्यात. गावात लॉज नाही, रोज चिकोडीहून ये-जा करणं नको म्हणून चेअरमनांनी त्यांच्याच घरी सोय केली. पहिल्या दिवशी मी काम आवरून पावणेसातला पोचले तर चूल बंद. चातुर्मास होता, घरात सूर्य मावळल्यावर कोणी पाणीसुद्धा घेत नव्हतं. माझ्यासाठी वेगळं करायला तयार होते, मीच नको म्हंटलं. त्यांच्या आज्जी म्हणाल्या, उद्या साडेपाचला सोसायटीतनं सरळ इकडं ये, जेव, मग जाऊन ते कॉम्प्युटर कर की, कॉम्प्युटरला काय सूर्य मावळलेला कळतोय होय. आणि मग खरंच आम्ही डे-एंडची वेळ बदलली. आधी जेवण, मग परत सोसायटी, आणि नंतर आज्जी मला बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, न्यायच्या.

ह्याच गावात १९४६ मध्ये आचार्य विद्यासागर महाराज जन्मले, आणि तिथनं जवळच वेदगंगा-दूधगंगेच्या संगमावरचं भोज हे आचार्य शांतिसागर महाराजांचं गाव. दिगंबर जैनांसाठी ही नावं केवढी मोठी आहेत हे मला तिकडं जाईपर्यंत माहीत नव्हतं, आणि मी त्याच जिल्ह्यात जन्मलेय. विद्यासागर महाराजांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये छत्तीसगडात डोंगरगडला समाधी घेतली. त्यानंतर मी गेले तेव्हा आज्जी त्यांच्याबद्दल अशा बोलत होत्या की शेजारच्या गल्लीतला मुलगा गेलाय. दुःख नव्हतं म्हणणार नाही, खरं त्यात एक अभिमान होता की अन्नपाणी सोडून, जागेपणी, सगळं कळून गेले. मला ते समजायला जड गेलं. अजूनही पूर्ण समजलंय असं नाही. मी आज्जींना तसं सांगितलं तर म्हणाल्या, समजायला कशाला पायजे लगेच, बस आधी.

बस म्हणजे सामायिकाला बस, ते जैनांचं ध्यान. दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं, एका जागी बसायचं, रागलोभ बाजूला ठेवायचे. ऐकायला सोपं आहे. मी बसले तर मनात काय, तर सस्पेन्स खात्यात पडलेली एक रक्कम जी दुपारपासून जुळत नव्हती. मग गुडघा. मग मुलीची फी. आज्जी ऐंशीच्या पुढच्या, पाठ ताठ. बाहेर आल्यावर मी म्हंटलं, माझं काय झालं नाही बघा, सगळा वेळ हिशेबच. तर म्हणाल्या, आठवलं तर आठवू दे, खरं त्याच्या मागनं पळू नको, आलं तसं जातंय. ह्या एका वाक्यावर मी बरीच वर्षं काढली आहेत. आमच्या हरिपाठात ताल आहे, शब्द आहेत, मन भटकलं तरी तोंड चालू राहतं आणि त्या आधारानं मन परत येतं. सामायिकात तोंडाला काही आधारच नाही. दोन्ही करून बघितलेल्या माणसालाच हा फरक कळतो, आणि मला दोन्ही लागतात असं माझ्या लक्षात आलं.

ह्या आज्जी दरवर्षी दशलक्षण पर्व संपलं की क्षमावणीला मला फोन करतात. पहिल्यांदा फोन आला तेव्हा मी घाबरले, काय झालं म्हणून. तर म्हणतात, कळत नकळत काय चुकलं असंल तर क्षमा कर बाई. माझ्या आज्जीच्या वयाची बाई माझी क्षमा मागतेय, कशाबद्दल, तर मला साडेपाचला जेवायला घातलं त्याबद्दल? मी फोनवर नुसती हो हो करत राहिले. संध्याकाळी मी माझ्या थोरल्या जावेला फोन केला. आमचं बरेच दिवस कामापुरतंच बोलणं होतं, कशावरनं ते जाऊ दे. मी तेच वाक्य म्हंटलं, जसंच्या तसं. ती गप्प झाली, मग म्हणाली जेवलीस काय. एवढंच झालं, खरं दिवाळीला फराळाचा डबा आला.

आता निपाणी. निपाणी म्हणजे तंबाखू आणि विडी, आणि ऐन हायवेवरचं गाव, त्यामुळे तिथं माणसांना परक्याची सवय आहे. तिथल्या उरुसाचं तर सगळ्यांना माहीत आहेच, पीराने पीर दस्तगीर साहेबांचा उरूस, चव्हाण वाड्याचा मान, गलेफ, म्हणजे कबरीवरची चादर, घालायला हिंदू-मुसलमान दोघेही. मी उरुसात कधी गेले नाही, मला गर्दी झेपत नाही. मी गेले ते एका छोट्या दर्ग्यात, एका गुरुवारी, सोसायटीसाठी पिग्मी गोळा करणाऱ्या भाभींबरोबर. भाभी दिवसभर बाजारातनं दुकानं फिरतात, शंभर-दोनशे करत पैसे जमा करतात, आणि गुरुवारी मशीन जमा केलं की दर्ग्यात जाऊन बसतात. मी म्हंटलं मी येऊ का, म्हणाल्या या की, त्यात काय विचारायचं, डोक्यावर तेवढं घ्या.

तिथं मी जे बघितलं ते मला आमच्या देवळात फारसं दिसत नाही. बायका येतात, भिंतीला टेकून बसतात आणि रडतात. कोणी विचारत नाही का रडतेस. कोणी समजूत काढत नाही. उदाचा धूर असतो, एखादं पोर मलिद्यासाठी मध्येच धावतं, आणि बाई रडत असते. थोड्या वेळानं ती डोळे पुसते, पदर सारखा करते आणि घरी जाते. भाभींचा मुलगा सौदीला गेलेला, बरेच महिने त्याचा फोन नीट येत नव्हता, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी त्या बोटांच्या पेरांवर मोजत काहीतरी म्हणत होत्या. मीही पेरांवरच मोजत नाम घेत होते, माळ घरी राहिली होती. त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं आणि मी त्यांच्या, दोघींनी काही म्हंटलं नाही. मी तिथं हरिपाठ मोठ्यानं म्हंटला नाही आणि म्हणणारही नाही. ती त्यांची जागा आहे. मला तिथं बसायला दिलं हे पुष्कळ झालं, माझं सगळं सामान प्रत्येकाच्या अंगणात नेऊन मांडायची गरज नाही.

आणि एक गोष्ट मला खटकली तीही सांगते. त्या दर्ग्यात बायकांना मजारीपर्यंत जाऊ देत नाहीत, उंबऱ्याबाहेरनंच. पुरुष आत जाऊन गलेफ चढवतात, आम्ही बाहेर. मला राग आला. भाभींना म्हंटलं तर त्या म्हणाल्या, तुमच्यात चार दिवस देवळात जाता काय? मला उत्तर नव्हतं, कारण आमच्याकडं ते चार दिवस देव्हाऱ्यालासुद्धा हात लावत नाहीत. जैन बस्तीतही अभिषेकाच्या वेळी बायकांच्या वाटेला काय येतं ह्यावर आज्जींचं आणि त्यांच्या सुनेचं एकमत नाही, मी दोघींचं ऐकलंय. म्हणजे सगळीकडं आपण बाहेरच्या पायरीवर. ह्याचं मला वाईट वाटतं आणि वाटत राहील. देवाचं दार उघडं आहे म्हणायचं आणि बाईसाठी उंबऱ्याशी थांबवायचं हे मला कुठल्याच धर्मातलं पटत नाही. खरं मी म्हणून जायचं सोडलं नाही, कारण त्या पायरीवर बसणाऱ्या बायकाच मला भेटल्या, आणि मला जे काही मिळालं ते त्यांच्याकडनं.

घरी सगळ्यांना हे पसंत होतं असं नाही. एका नातेवाइकांनी स्पष्टच विचारलं, आपलं सोडून दर्ग्यात कशाला. सासूबाई गप्प होत्या, मग रात्री मला म्हणाल्या, तुझ्या सासऱ्यांना वारीत एकदा ताप आला तर मुसलमानाच्या ओसरीवर दोन रात्री काढल्या होत्या, तेव्हा ते काय आपलं सोडून आले काय. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. दुसरे एक जण फारच चांगल्या मनानं म्हणाले की शेवटी सगळे देव एकच. मला हे वाक्य आवडत नाही, स्पष्ट सांगते. सगळं एकच असतं तर मला अनगोळातनं बाहेर पडायचीच गरज नव्हती. मला मठात जे मिळालं ते बस्तीत मिळालं नाही, बस्तीत मिळालं ते दर्ग्यात नाही. एकच आहे म्हंटलं की माणूस बघायचं थांबतो.

लोंढ्याचं उदाहरण घ्या. लोंढा म्हणजे खानापूर तालुक्यातलं रेल्वे जंक्शन, गोव्याकडं जाणारी लाईन तिथनंच फुटते, पाऊस असा की कपडे चार दिवस वाळत नाहीत. तिथं मी एका ख्रिश्चन आंटींकडं राहायचे, त्यांचे मिस्टर रेल्वेत होते, ते गेल्यापासून त्या दोन खोल्या भाड्यानं देतात. ऑक्टोबर होता. ऑक्टोबर हा कॅथलिकांचा रोजरीचा महिना, संध्याकाळी घरोघरी रोजरी, आणि ती कोकणीत. नमान मोरिये म्हणून सुरू होतं, दहा-दहाचे पाच भाग, प्रत्येक भागाच्या आधी कुणासाठी तरी मागायचं. माझ्या कानाला ते अगदी ओळखीचं वाटलं, कोकणी जवळची म्हणून असेल, आणि एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी पुरं करायचं ही रीत आमच्या भजनासारखी म्हणूनही असेल. मी मागं खुर्चीवर बसले होते. चौथ्या भागाच्या आधी आंटी वळून म्हणाल्या, तुझं कोण हाय काय, नाव सांग. सासूबाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं आणि मी लोंढ्यात अडकले होते. मी नाव सांगितलं. आणि शेजारपाजारच्या सात-आठ बायकांनी, ज्यांनी माझ्या सासूबाईंना कधी बघितलं नाही, त्यांचं नाव घेऊन प्रार्थना केली. उच्चार चुकला, तरी केली.

मला रात्री झोप लागली नाही. आम्ही इतकी वर्षं हरिपाठ म्हणतो, शेवटी सगळ्यांचं भलं कर म्हणतो, खरं शेजारणीचं नाव घेऊन, तिच्या दुखण्याचं नाव घेऊन कधी मागितलं नव्हतं. घरी गेल्यावर मी सासूबाईंना सांगितलं, त्यांच्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती. त्या म्हणाल्या त्यात काय अवघड आहे, आपणही म्हणूया. आता आमच्याकडं हरिपाठ झाला की दोन-तीन नावं घेतात. भाभींच्या मुलाचं नाव त्यात बरेच दिवस होतं. त्याचा फोन यायला लागला, कंपनीनं पासपोर्ट अडकवून ठेवला होता म्हणे. प्रार्थनेनं झालं असं मी म्हणत नाही, भाभींनी किती ऑफिसांचे उंबरे झिजवले ते मला माहीत आहे. खरं आमच्या अनगोळच्या घरात रोज संध्याकाळी त्या मुलाची आठवण निघत होती ही गोष्टही खोटी नाही.

सौंदत्तीबद्दल लिहायला मला जड जातं. यल्लम्माचा डोंगर, आमच्या माहेरचं दैवत रेणुकाच, त्यामुळे लहानपणापासून जाते, पौर्णिमेच्या यात्रेला कोल्हापूरकडनं, विजापूरकडनं माणसांचा पूर, भंडाऱ्यानं रस्ता पिवळा. सोसायटीचं काम सौंदत्तीत निघालं तेव्हा मी पौर्णिमा टाळून गेले, तरी झिरो तिकिटामुळे बसमध्ये बायकाच बायका. देवळात जाऊन आले आणि बाहेर बसले तर शेजारी एक म्हातारी जोगतीण, परडी घेऊन. कर्नाटकात देवदासी सोडायला बंदी करणारा कायदा १९८२ चा, ही बाई त्याच्या खूप आधी सोडलेली. ती मूळची मिरजेकडची, मराठी बोलणारी. मी तिला सांगायला लागले की मी पण अशी एकटी फिरते कामासाठी, देवाच्या दारात येऊन बसते, बरं वाटतं. ती ऐकत होती. मग म्हणाली, तू घरला जातीस की गं शनवारी.

मी त्यावर काय बोलणार. मी एकटी, मी एकटी म्हणत इतकी वर्षं फिरले, आणि माझं एकटेपण शनिवारी दुपारच्या बसला संपतं. तिला लहानपणी देवीच्या नावानं सोडली आणि तिचं घर असं कुठं राहिलंच नाही, ती देवाच्या दारात बसली ती निवांतपणासाठी नव्हे. तिनं मला रागानं म्हंटलं नव्हतं. भंडारा लावला कपाळाला, उदो म्हणाली. मी तिच्याजवळच बसून राहिले, अंधार पडेपर्यंत. तिनं तिच्या भावाच्या मुलाबद्दल सांगितलं, पेन्शनचे पैसे दोन महिने आले नाहीत हे सांगितलं. पासबुक तिच्याजवळ होतं, मी दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर बँकेत गेले, आधार लिंक तुटलं होतं, ते करून घेतलं. हे काम मला येतं. देवीपुढं बसून जे विचार येतात त्यांचं उत्तर नेहमी देवीपुढंच बसून मिळत नाही, काही वेळा काउंटरवर उभं राहावं लागतं, हे मला तिच्यामुळे कळलं. तिचंही नाव आता घरी संध्याकाळी घेतात.

त्याच सौंदत्तीतल्या सोसायटीत एकानं हिरेबिदनूरचं सांगितलं, त्याच तालुक्यातलं गाव, तिथं मुसलमानाचं एकही घर नाही तरी मोहरम होतो, मशिदीची पूजा हिंदूच बघतो, पंजे निघतात. मला ते बघायचं आहे. मोहरमच्या वेळी त्या बाजूला काम निघालं तर जाणार, नाही निघालं तर रजा टाकून जाणार, ह्यांनाही सांगून ठेवलंय.

आमच्या ऑफिसात आता एक नवीन मुलगी लागलीय, बीसीए झालेली, तिला रायबाग-कुडचीची लाईन दिलीय. पहिलीच टूर, घरचे घाबरलेत. तिला मी जे सांगितलं ते इथंही लिहिते. लॉजपेक्षा सोसायटीतल्या कुठल्यातरी बाईला विचार, घरी सोय होते. जैन घरी राहिलीस तर साडेपाचला ताटावर बस, त्यांना तुझ्यासाठी थांबायला लावू नको, आणि बस्तीत जाताना चामड्याची पर्स, बेल्ट काढून ठेव. मठात पंगतीला बसलीस तर ताटात टाकू नको, आधीच कमी वाढा म्हण. दर्ग्यात डोक्यावरनं ओढणी, आणि आत जायचं का बाहेर बसायचं ते तिथल्या बाईलाच विचार. चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे त्यांच्या मुख्य प्रार्थनेला, गेलीस तर पुढं जाऊन तो प्रसाद घ्यायचा नाही, तो त्यांच्या बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतो, आपण जागेवर बसून राहायचं, त्याचा कोणाला राग येत नाही. फोन सायलेंट. फोटो काढायचे नाहीत, बसलेल्या बायकांचे तर मुळीच नाहीत. आणि कोणी घरी बोलावलं तर दुसऱ्यांदा जाताना हातात काहीतरी घेऊन जा, केळी चालतात, जैनांकडं कांदा-बटाटा असलेलं काही नको.

ती सगळं मोबाईलमध्ये लिहून घेत होती. मग म्हणाली, ताई, खरं मी देवबिव मानत नाही. मी म्हंटलं बसायला त्याची अट नाही, मला तरी कोणी कधी विचारली नाही. तिनं विचारलं, मग तिथं बसून करू काय? मी म्हंटलं शेजारी कोण बसलंय ते बघ.

सोमवारी सकाळच्या गाडीनं ती निघणार आहे. तिला अथणीच्या अक्कांचा नंबर दिलाय, त्यांची बहीण रायबागला असते.